पांढरा दगड ज्या हाताला

फार वर्षांपूर्वी, म्हणजे नक्की किती ते वाल्डोर्नातल्या म्हाताऱ्यांनाही सांगता येत नाही आणि विचारलं तर ते चिडतात, त्या गावात ओर्तेन्सिया नावाची एक बाई राहत होती. वाल्डोर्ना हे गाव उत्तर इटलीतलं. मागे आल्प्सची बर्फाची शिखरं, पुढे रानानं झाकलेल्या बुटक्या टेकड्या, आणि टेकड्यांच्या मधोमध एक लांबोळकं तळं. हे तळं बर्फानं खणलंय. कुण्या एके काळी डोंगरावरून बर्फाची नदी मुंगीच्या पावलांनी खाली आली, तिनं जमीन उकरली, आणि वितळून जाताना घराएवढाले धोंडे रानात जिथल्या तिथे टाकून गेली. असं शिकलेली माणसं म्हणतात. गावातली माणसं म्हणतात, धोंडे सैतानानं टाकले. तुम्हाला पटेल ते घ्या, गोष्टीला दोन्ही चालतं.

त्या तळ्याभोवती एक वाट जाते. आज तिथं पाठीवर पिशव्या आणि हातात काठ्या घेऊन हौशी लोक चालतात, बाकावर बसून डबे खातात. तेव्हा त्या वाटेवर हौसेनं कुणी जात नव्हतं. तळ्याच्या अलीकडे गाव आणि पलीकडे चेस्टनटचं रान. गव्हाची भाकरी श्रीमंतांची, इथल्या लोकांचं पोट चेस्टनटच्या पिठावर. शरद आला की काटेरी बोंडं फुटायची, तपकिरी फळं खाली सांडायची, आणि गावातल्या बाया रोज सकाळी पलीकडे जायच्या. तिथं दगडी खोपटं होती. खोपटाच्या माळ्यावर फळं पसरायची आणि खाली ओल्या लाकडाचा मंद विस्तव धुमसत ठेवायचा, चाळीस दिवस. विस्तव विझला की फळाला बुरशी, आणि फळाला बुरशी म्हणजे हिवाळाभर उपास. तेव्हा ऊन असो, पाऊस असो, धुकं असो, वाट चालायलाच हवी.

ही वाट बांधली होती ओर्तेन्सियाच्या वडिलांनी, सिल्वानोनं. रानात पायवाटा काय कमी? शेळ्यांच्या, लाकूडतोड्यांच्या, कोळसा पाडणाऱ्यांच्या. जिथं म्हणून वाट फुटायची, तिथल्या धोंड्यावर सिल्वानोनं तळ्यातला एकेक पांढराशुभ्र दगड ठेवला. धुक्यातही दिसावा असा. आणि गावाला एक वाक्य शिकवलं: पांढरा दगड ज्या हाताला, वाट त्या हाताला. कधी पावसानं वाट खचली, तर सिल्वानो जाऊन दगड दुसऱ्या हाताला सरकवायचा आणि लोक मुकाट्यानं दुसरीकडून जायचे. त्या गावात लोक स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणार नाहीत, पण पांढऱ्या दगडावर ठेवतील, असं म्हणतात.

सिल्वानो गेला. त्याला मुलगा नव्हता. मग ओर्तेन्सियानं त्याचा कोयता कमरेला लावला आणि वाट सांभाळायला घेतली. बर्फ वितळलं की वसंतात पहिल्यांदा वाट उघडायची, त्या दिवशी सगळ्यांच्या पुढे ती. काखेत एक गोल पाव घेऊन ती चालायची, वाटेवर आडव्या आलेल्या फांद्या तोडायची, आणि पलीकडे पोचल्यावर पाव मोडून प्रत्येकाच्या हातावर तुकडा ठेवायची. बावीस वर्षं तिनं तो पाव मोडला. कुणी तिला हसताना फारसं पाहिलं नव्हतं, पण पाव मोडताना ती हसायची.

आणि मग गावात नीवेस आली.

नीवेस दुसऱ्या खोऱ्यातली. गावातल्या सुताराशी लग्न करून आली आणि वर्षाच्या आत विधवा झाली. सडपातळ, कमी बोलणारी. तिचं एक वेड होतं, ती अनवाणी चालायची. लाकडी पादत्राणं हातात आणि पाय मोकळे. बायका हसायच्या. पण त्याच शरदात दोन कोळसेवाले धुक्यात हरवले. गावानं चर्चची घंटा वाजवून पाहिली, पण धुक्यात तळ्यावरून घंटा ऐकली की ती चारही बाजूंनी ऐकू येते, तिचा काही उपयोग होत नाही. तेव्हा नीवेस रानात शिरली, म्हणे डोळे मिटून, आणि दोघांनाही हाताला धरून घेऊन आली. कसं जमलं विचारलं तर म्हणाली, "रोजच्या वाटेवरची पानं पायाखाली निराळी वाजतात. दबलेली असतात ना." एवढंच. तिला पाहून धोंडे बाजूला सरकतात, असंही मग लोक म्हणू लागले. लोकांचं काय, एक पाहतात आणि चार सांगतात.

पुढच्या वसंतात गावचे सर्वांत वडील, बात्तिस्ता, ज्यांना सगळे नोन्नो म्हणजे आजोबाच म्हणायचे, ते पाव घेऊन चौकात उभे राहिले. ओर्तेन्सियानं सवयीनं हात पुढे केला. नोन्नोंनी पाव नीवेसच्या हातात दिला.

"ओर्तेन्सिया, पोरी, तू दमलीस," नोन्नो म्हणाले. "या वर्षी तिला चालू दे पुढे."

पुढे केलेला हात मागे घ्यायचा असेल तर तो कसा घ्यायचा? ओर्तेन्सियानं तो केसांवरून फिरवला, जणू त्यासाठीच वर केला होता. सगळ्यांनी पाहिलं. मग तिनं कमरेचा कोयता सोडून नोन्नोंपुढे ठेवला आणि नीवेसकडे न बघता म्हणाली, "वाट घ्यायची तर घेऊ दे तिला. पण दगडांना हात लावायचा नाही. दगड आमच्या घरचे आहेत. ते धुणं, ठेवणं, सरकवणं माझ्याकडेच राहील."

"राहील," नोन्नो म्हणाले. नीवेसनंही मान हलवली. आणि तिनं शब्द इतका पाळला की पांढऱ्या दगडापाशी आली की ती दोन्ही हात पाठीमागे बांधायची, चुकूनही स्पर्श नको म्हणून. ओर्तेन्सियाला वाटायचं, ही मला चिडवायला करते.

त्या दिवसापासून ओर्तेन्सियाच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना. चूल पेटवताना दुखे, गाय पिळताना दुखे. नीवेसचं नाव तिनं जिभेवर येऊ दिलं नाही. "ती", नाहीतर "ती अनवाणी". नीवेसला कोण आधी नमस्कार करतं, नीवेसच्या तुकड्याला लोणी कुणी लावलं, सगळं हिच्या नजरेत. घरचा कुत्रा नीवेसच्या मागे चालू लागला, तर हिनं कुत्र्याशी बोलणं टाकलं. हसू नका, खरंच टाकलं. नवरा आम्ब्रोज्यो भोळा माणूस, एकदा जेवता जेवता म्हणाला, "चालते मात्र छान हो ती." त्या आठवड्यात त्याला सूप थंड मिळालं. सतरा वर्षांची लेक चेलेस्ता तर अनवाणीच हिंडू लागली. "आई, खरंच पानं वाजतात," असं म्हणाली, आणि आईनं तिची पादत्राणं तिच्या पायांपुढे आपटली.

एकदा नीवेस स्वतः तिच्या दारात आली. हातात दुरडी, दुरडीत रानातली मशरूम. "ओर्तेन्सिया, तुमच्या वडिलांनी आंधळ्या तळ्याच्या वर वाट कशी बांधली, मला सांगाल? तिथं माझ्या पायांना भीती वाटते."

आंधळं तळं म्हणजे मोठ्या तळ्याचं धाकटं पिल्लू. त्याच्यावर शेवाळ्याची जाड साय चढलीय. वरून पाहाल तर हिरवंगार कुरण, आणि खाली माणूस बुडेल इतकं काळं पाणी. तिथं वाट दोन बाजूंना फुटते. परतीला डावीकडची वाट कड्याच्या पोटातून सुखरूप गावात येते. उजवीकडची शेवाळ्यात जाऊन संपते.

ओर्तेन्सिया म्हणाली, "ज्यांच्या पायांना सगळं कळतं त्यांनी दुसऱ्याच्या बापाला कशाला विचारावं?" आणि दार लावलं. मशरूम उंबऱ्यावर तशीच सुकली. माणूस भांडायला आला तर बरं, भांडता तरी येतं. आदरानं आला की जळणाऱ्याला पळायला जागा उरत नाही.

तरीही कदाचित एवढ्यावरच निभावलं असतं. पण नोव्हेंबरात, सेंट मार्टिनच्या सणाच्या आधी, ती दगड धुवायला निघाली असताना चौकात लहान मुलं दोरीवरच्या उड्या मारत गात होती. गाण्यात वाटेचं नाव यायचं. पिढ्यान्‌पिढ्या नाही, पण ओर्तेन्सियाला आठवतं तेव्हापासून ते होतं "सिल्वानोची वाट". मुलं गात होती "नीवेसची वाट".

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कोयता, पाव, कुत्रा, लेक, सगळं गेलं ते गेलं. पण बापाचं नाव? ती तरातरा आंधळ्या तळ्यापर्यंत गेली. धोंड्यावर पांढरा दगड होता, डाव्या हाताला. तो तिनं दोन्ही हातांनी उचलला. आणि उजव्या हाताला ठेवला.

तिच्या मनात कुणाचा जीव घ्यायचं नव्हतं, हे वाल्डोर्नातले लोक आजही बजावून सांगतात. स्वच्छ उजेड होता. तिनं हिशेब केला तो एवढाच: संध्याकाळी ती अनवाणी सगळ्यांना घेऊन उजवीकडे वळेल, काठाशीच गुडघाभर चिखलात रुतेल, बाया ओरडतील, आणि उद्या सगळं गाव हसेल. सकाळी पलीकडे गेलेल्या बायांत चेलेस्ताही होती. भिजू देत तिचेही पाय, ओर्तेन्सियाला वाटलं. खूप हौस आहे ना अनवाणी चालायची! आणि ती घरी येऊन चूल पेटवत बसली. कितीतरी महिन्यांनी तिच्या पोटात दुखत नव्हतं.

दुपार झाली आणि धुकं उतरलं.

साधं धुकं नव्हे. असं धुकं वाल्डोर्नात आधी कधी पडलं नव्हतं, असं म्हणतात. दारात उभ्या राहिलेल्या ओर्तेन्सियाला स्वतःचा उंबरा दिसेना. तिनं हातातली पळी टाकली. गुडघाभर चिखल तो उजेडात, काठ दिसतो तेव्हा. धुक्यात तोच चिखल म्हणजे पुढचीच्या मागे दुसरी, दुसरीच्या मागे तिसरी, चौदा बाया आणि तिची लेक काळ्या पाण्यात.

"कुठे निघालीस?" आम्ब्रोज्यो म्हणाला.

"दगड," ती म्हणाली, आणि धावत सुटली.

आता बघा दैवाची गंमत. बावीस वर्षं त्या वाटेवर पुढे चालणारी बाई, पण ती वाट तिला डोळ्यांनीच ठाऊक होती. हे झाड, तो धोंडा, तो पांढरा दगड. धुक्यात झाड नाही, धोंडा नाही. पायाखाली पानं होती, पण ती ऐकायला ती कधी शिकली नव्हती, शिकायचं म्हणजे त्या बाईकडून शिकायचं. कुठेतरी तिची वाट सुटली. जमीन मऊ लागली, मग आणखी मऊ, आणि मग जमीन नव्हतीच. कमरेपर्यंत थंडगार पाणी. आंधळ्या तळ्यानं तिला धरलं होतं. हलली की ती आणखी खाली जायची, म्हणून ती हलायची थांबली.

आणि तेव्हाच तिला आवाज ऐकू आले. अगदी जवळून, चाळीसएक पावलांवरून. बाया धोंड्यापाशी पोचल्या होत्या.

"इथं थांबा," नीवेसचा आवाज. "माझे पाय म्हणतात डावीकडे. दगड उजवीकडे आहे."

"मग काय करायचं गं?"

"उजवीकडेच जाऊ या. ओर्तेन्सियानं दगड सरकवलाय म्हणजे डावीकडे काहीतरी खचलं असणार. ती उगाच हात लावायची नाही. तिच्या घरचे दगड खोटं बोलत नाहीत."

चौदा जणींपैकी एकीनंही शंका घेतली नाही. चेलेस्तानंही नाही. पाण्यात उभ्या ओर्तेन्सियाला वाटलं, कुणी तोंडात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. सबंध वर्षात तिच्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. आणि बोलली ती कोण!

पावलं उजवीकडे वळली. तेव्हा, जे नाव तिनं वसंतापासून जिभेवर येऊ दिलं नव्हतं ते तिनं मोठ्यानं घेतलं.

"नीवेस!"

पावलं थांबली. "आले!" नीवेस ओरडली. "ओर्तेन्सिया? कुठे आहात?"

"येऊ नकोस! जिथं आहेस तिथंच थांब. पुढे आंधळं तळं आहे."

"मग डावी वाट खरंच खचलीय? तुम्ही म्हणूनच दगड हलवलात ना?"

बघा, किती सोपं होतं. "हो" म्हणाली असती तर तिचं नाव राहिलं असतं, बापाचंही राहिलं असतं. बाया तिथंच गारठत बसल्या असत्या, सकाळपर्यंत कितीजणी उरल्या असत्या ते देव जाणे, पण ओर्तेन्सियाला कुणी बोल लावला नसता. असं म्हणतात की तिनं फक्त एक श्वास घेतला. मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओरडली.

"डावी वाट शाबूत आहे! दगड मी खोटा ठेवला. तुझ्यावर जळून ठेवला. नीवेस, तुझे पाय खरं बोलतात, दगड नाही. यांना डावीकडून घेऊन जा!"

 धुक्यातून चेलेस्ता रडत ओरडली, "आई!"

"तू तिच्या मागे चाल," ओर्तेन्सिया म्हणाली. "पादत्राणं काढ आणि चाल."

"ओर्तेन्सिया, मी तुमच्याकडे येते," नीवेस म्हणाली. "शालींना गाठी मारून दोर करते."

"आधी त्यांना पोचव. मी हाका मारत राहते, इतक्या जवळून आवाज घंटेसारखा फसवत नाही. माझ्या आवाजाकडे पाठ ठेवून चाल, म्हणजे तळ्यापासून लांब जाशील. गेलीस की मग ये."

आणि तिनं हाका मारल्या. नीवेस, नीवेस, नीवेस. महिनोन्‌महिने दाबून ठेवलेलं नाव एकदम बाहेर पडावं तशा. चौदा बाया आणि चेलेस्ता एकमेकींच्या शालींची टोकं धरून, त्या हाकेकडे पाठ करून, कड्याच्या पोटातून चालत राहिल्या. शेवटची बाई गावाच्या पहिल्या भिंतीला हात लावेपर्यंत ती हाक ऐकू येत होती. मग नीवेस एकटीच उलट फिरली. तशीच अनवाणी, धावत, हाकेच्या रोखानं. दर हाकेला ती ओरडायची, "आले!" हाक बारीक होत गेली. धोंड्यापाशी ती पोचली तेव्हा एकदाच ऐकू आली, कानात कुणी बोलावं तशी. त्यानंतर ऐकू आली नाही.

तेवढ्यात धुकं फाटलं आणि मावळतीचं ऊन आंधळ्या तळ्यावर पडलं. बाई कुठेच नव्हती. शेवाळ्याच्या मधोमध एक धोंडा उभा होता, माणसाच्या उंचीचा, कमरेपर्यंत पाण्यात, वरचं टोक जरा पुढे झुकलेलं, हाक मारणाऱ्या माणसासारखं. तिथं आधी धोंडा नव्हता. गावातल्या प्रत्येकानं शपथेवर सांगितलं, नव्हता. शिकलेली माणसं म्हणतात, होता, बर्फाच्या नदीनं आणलेला, पाणी उतरलं म्हणून दिसला. असेल बुवा.

नीवेसनं त्या दिवशी पहिल्यांदा पांढऱ्या दगडाला हात लावला. तिनं तो उचलून डाव्या हाताला ठेवला, आणि तिथंच खाली बसून रडली. नंतर मुलांनी दोरीवरच्या उड्या मारताना पुन्हा "नीवेसची वाट" म्हटलं, तेव्हा ती चौकात गेली आणि त्यांना म्हणाली, "या वाटेचं नाव ओर्तेन्सियाची वाट. दुसरं नाव घेतलं तर पावाचा तुकडा मिळणार नाही." मुलांना पाव कळतो. तेव्हापासून तेच नाव आहे. सिल्वानोचा कोयता तिनं चेलेस्ताच्या कमरेला बांधला. आणि दर वसंतात पाव मोडला की पहिला तुकडा ती आंधळ्या तळ्यात टाकायची, धोंड्याच्या रोखानं, मग बाकीच्यांचे.

आज त्या वाटेवर लाकडी पाट्या आहेत, लाल-पांढरे पट्टे आहेत, वळणांवर लोखंडी कठडे आहेत. सगळं सरकारी, सगळं नीट. पण आंधळ्या तळ्याच्या वरच्या धोंड्यावर पांढरा दगड अजून आहे. सेंट मार्टिनच्या दिवशी सगळं गाव तिथं चालत जातं, आणि धुकं असेल तर वाटेनं जाणारा कुणीही तिथं थांबतो. रीत अशी: प्रत्येकानं आधी ओर्तेन्सियाच्या वतीनं मोठ्यानं "नीवेस!" अशी हाक मारायची. वाटेला नीवेसचं नाव नाही, तिची कबर कुठे आहे तेही आता कुणाला ठाऊक नाही, पण त्या खोऱ्यात इतक्या वेळा हाक मारलेलं दुसरं नाव नाही. आणि मग ज्याच्यावर आपण जळतो, ज्याचं नाव जिभेवर येऊ देत नाही, त्याच्या नावानं एक हाक मारायची. पूर्ण नावानं, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. जळत नसाल कुणावर, तर गप्प पुढे जा. गप्प पुढे जाणारे फार थोडे. मागे एकदा गावचे पाद्री तिथं पुष्कळ वेळ उभे होते आणि शेवटी त्यांनी शेजारच्या गावच्या पाद्रींचं नाव घेतलं.

कधी कधी असं होतं की रांगेत मागे चालणाऱ्याला आपलंच नाव ऐकू येतं. शेजारणीच्या तोंडून, भावाच्या तोंडून, कधी बायकोच्या. त्यालाही रीत ठरलेली आहे. का म्हणून विचारायचं नाही, हसायचं नाही, घरी गेल्यावर विषय काढायचा नाही. फक्त पुढे व्हायचं, पादत्राणं काढायची, आणि ज्यानं हाक मारली त्याला मागे घेऊन डावीकडच्या वाटेनं गावापर्यंत चालायचं. पण त्याआधी, आहे तिथूनच, धुक्यात ऐकू जाईल अशा आवाजात उत्तर द्यायचं. ते उत्तरही नीवेसनंच ठरवून दिलेलं आहे.

"आले!"